रिमोट उचलून भागत नाही : पडद्यावरच्या खटकणाऱ्या गोष्टींबद्दल मुलांशी कसं बोलावं

टीव्हीवर चुंबनाचं दृश्य आलं की घरात एकदम धांदल उडते. कुणी रिमोट शोधतं, कुणी मुलाला उगाच पाणी आणायला पिटाळतं. पण त्याच संध्याकाळी सासूने सुनेच्या थोबाडीत मारली, नायकाने ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीचा हात धरून ओढला किंवा सावळ्या मैत्रिणीच्या रंगावरून कोटी झाली, तर कुणी जागचं हलत नाही. कोटीला तर हशाही पिकतो. मूल हे सगळं बघत असतं आणि पडद्याइतकंच आपल्या चेहऱ्यांकडेही बघत असतं. मोठी माणसं कशावर दचकतात आणि कशावर हसतात, त्यावरून काय चालतं आणि काय चालत नाही, हे ते ठरवतं.

मी नवी मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवते. रविवारी घरोघरी काय लागलं होतं, ते सोमवारी मधल्या सुट्टीत मैदानावर दिसतं. चुंबनाची नक्कल मुलं क्वचित करतात. थोबाडीत मारण्याची, हात ओढण्याची, ‘मी जीव देईन’ म्हणण्याची नक्कल सर्रास होते. म्हणून पालकसभेत मी जे सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. वय साधारण पाच ते चौदा धरलं आहे.

पहिली पायरी : दोन संध्याकाळी फक्त टिपून ठेवा

मुलाशी बोलण्याआधी आपल्या घराकडे बघा. सलग दोन दिवस, जे रोज लागतं तेच लागू द्या आणि एका कागदावर लिहा : आपण कशाला चॅनेल बदललं आणि काय तसंच जाऊ दिलं. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब निघेल. त्या यादीत काय काय सापडतं, ते माझ्या पाहण्यातून सांगते. मारणं आणि त्याला ‘संस्कार’ म्हणणं. नकार ऐकूनही मागे लागणं. जाडी, रंग, टक्कल, तोतरेपणा यांवरचे विनोद. घरकामाच्या मावशींशी अरेतुरे. साडी नेसलेल्या पुरुषाला हसणं. दुःख झालं की बाटली उघडणं. करणी, भानामती खरी असल्यासारखी दाखवणं, तीही महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा असताना.

आपल्या भागातली एक गोष्ट यादीत मुद्दाम घाला. विनोदी कार्यक्रमात आगरी-कोळी बोली आली की पुष्कळदा ती फक्त हसण्यासाठी असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली गावं ज्यांची, त्यांची ही भाषा आहे. तुमच्या मुलाच्या बाकावर शेजारी तीच भाषा बोलणारं मूल बसलेलं असतं.

दुसरी पायरी : वयाची चिन्हं वाचायला शिका

सिनेमाला ‘यूए’ प्रमाणपत्र म्हणजे तो सगळ्यांना चालतो, असा समज पक्का बसला आहे. तो सोडा. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि यूएचे तीन भाग पडले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. म्हणजे त्या वयाखालच्या मुलाला दाखवायचं की नाही, हे पालकांनी ठरवायचं आहे. थिएटरचा दरवान अडवणार नाही. अडवतात ते फक्त ‘ए’ला. तिथे १८ वर्षांखालच्यांना आईवडील सोबत असले तरी प्रवेश नाही. तिकीट काढताना सिनेमाच्या नावाजवळ हे चिन्ह असतं, ते बघूनच सीट निवडा.

ओटीटीवर चिन्हं तशीच दिसतात, पण ती सेन्सॉर बोर्डाने दिलेली नसतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनी स्वतःच वर्गवारी करते. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय देणं तिला बंधनकारक आहे. सुरुवातीला कोपऱ्यात वय आणि कारणही येतं : हिंसा, शिवीगाळ, भीती, आत्महत्या. दोन सेकंदांची ती ओळ मुलाला मोठ्याने वाचायला लावा. ‘यात भीती लिहिलंय. बघायचं का आत्ता, की दुपारी उजेडात बघू?’ असं विचारलं की निवड दोघांची होते.

मुलाचं वेगळं प्रोफाइल करा, आपल्या प्रोफाइलला पिन घाला, पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र कुलूप लावलं की बोलायची गरज संपली, असं धरून चालू नका. शाळेच्या बसमध्ये दुसऱ्याच्या मोबाइलला तुमचं कुलूप नसतं.

तिसरी पायरी : घरातल्या मोठ्यांशी आधी बोला

सिडकोच्या वन रूम किचनमध्ये किंवा ठाण्यातल्या वन बीएचकेत टीव्ही एकच असतो आणि तो हॉलमध्ये असतो. आई-बाबा लोकलमधून उतरून घरी येईपर्यंत आठ-साडेआठ होतात. तोवर मुलाचं खाणं, अभ्यास, हट्ट सगळं आजी-आजोबा सांभाळतात. दिवसभरानंतर त्यांची मालिका हीच त्यांची करमणूक. ती बंद करायला लावणं अन्यायाचं आहे आणि तसं करून काही साधतही नाही. मूल टीव्हीकडे पाठ करून अभ्यासाला बसलं तरी त्याचे कान उघडे असतात. रडणं, किंचाळणं, थोबाडीचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतोच.

सासूबाईंशी बोलताना तक्रारीचा सूर नको. मुलाच्या देखत तर नकोच. असं म्हणून बघा : ‘आई, मालिका बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त त्यात कुणी कुणाला मारलं, टाकून बोललं, की तुम्ही एवढंच म्हणा, हे काही बरं नाही केलं हो तिने. तुमचं तो आमच्यापेक्षा जास्त ऐकतो.’ हे खरंही असतं. बऱ्याच मालिकांचा तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो. मूल शाळेत असताना तो बघायचं आजीने आपणहून ठरवलं, तर संध्याकाळचा तास सगळ्यांना मोकळा होतो.

चौथी पायरी : बघता बघता एक वाक्य, जास्त नाही

मोठा माणूस शेजारी बसून गप्प राहिला, तर मूल ती संमती समजतं. म्हणून काहीतरी म्हणायचं, पण थोडक्यात. ‘मला हे आवडलं नाही.’ ‘तिने नाही म्हटलं होतं ना?’ ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ बस. प्रवचन सुरू झालं की मुलाचा सिनेमा बिघडतो आणि पुढच्या वेळी ते आपल्याजवळ बसत नाही.

थिएटरमध्ये बोलता येत नाही, म्हणून निघण्याआधी खूण ठरवा. मुलाने हात दोनदा दाबला की दोघांनी बाहेर यायचं, कारण विचारायचं नाही. तिकिटाच्या पैशांसाठी घाबरलेल्या मुलाला खुर्चीत बसवून ठेवू नका. नाटकांचंही तेच. ठाण्यातल्या गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाला आपण मुलांना हौसेने नेतो, मराठी नाटक बघायला मिळावं म्हणून. नाटक कोणतं आहे याची चौकशी आधी, ते बघून आलेल्या कुणाकडे करा. द्वयर्थी संवादाला सभागृह हसलं आणि मुलाने ‘काय म्हणाला?’ विचारलं, तर ‘मध्यंतरात सांगते’ म्हणा. आणि मध्यंतरात वडा खाताना खरंच सांगा : ‘तो मोठ्यांचा विनोद होता, बायकांच्या शरीराबद्दल. मला तो बरा वाटला नाही.’ मुलाला शब्दन् शब्दाचा अर्थ नको असतो. टाळलं गेलं नाही, एवढं त्याला पुरतं.

पाचवी पायरी : नंतरचं बोलणं

खरं काम इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागा. समोरासमोर बसवून ‘आपल्याला बोलायचंय’ म्हटलं की मूल मिटतं. शेजारी शेजारी असताना ते खुलतं. तलावपाळीला चक्कर मारताना, मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या करताना बोला. पहिला प्रश्न ‘घाबरलास का?’ असा नको, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘त्यातलं तुला काय आठवतंय?’ असं विचारा आणि थांबा. आपल्याला खटकलेलं आणि मुलाच्या मनात राहिलेलं पुष्कळदा वेगळं असतं. मोठ्यांना रक्त आठवतं, मुलाला रस्त्यात हरवलेलं कुत्रं आठवतं. मग कुत्र्याबद्दलच बोलायचं.

थोबाडीत मारण्याबद्दल. पाच-सात वर्षांच्या मुलाला आधी पडद्यामागचं सांगा : नटाला लागत नाही, हात गालाजवळून जातो, आवाज नंतर घालतात. मग दुसरा भाग : ‘खऱ्या घरात मारलं तर लागतं. आणि मारणं चूक आहे, मारणारा कितीही मोठा असला तरी.’ यावर ‘मग तू मला का मारतेस?’ हा प्रश्न येऊ शकतो. ज्या घरात हात उचलला जातो, तिथे तो येणारच. उत्तर आधी तयार ठेवा आणि ते खरं असू द्या. ‘ते चूक आहे, मी ते थांबवणार आहे’ एवढं म्हणायची तयारी नसेल, तर हा विषय काढण्यात अर्थ नाही. शिक्षकांनी मारण्यावर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे मी वर्गात मुलांना स्वतः सांगते. मोठ्या मुलांना हेही सांगावं की घरातल्या बाईला मारणं, घालूनपाडून बोलणं, कोंडून ठेवणं याविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरोधातला कायदा आहे. मालिकेतली सून पोलिसांकडे किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे का जात नाही, यावर दहा-बारा वर्षांची मुलं फार नेमकं बोलतात.

पाठलागाबद्दल. हे बोलणं मुलग्यांशी आधी करा. आपण मुलींना सावध करतो आणि मुलग्यांना सिनेमा बघू देतो. नायक तिच्या मागे कॉलेजपर्यंत जातो, मित्र शिट्ट्या मारतात, शेवटी ती हसते. विचारा : ‘कॅमेरा त्याच्या मागे का फिरतो? ती घरी गेल्यावर तिने काय केलं असेल?’ मग तेच आपल्या रस्त्यावर आणा. ‘ताई रोज ठाणे स्टेशनवरून येते. रोज एकच माणूस तिच्या मागे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून आला, तर तिला काय वाटेल? ती कोणता रस्ता बदलेल?’ मुलगा क्षणभर गप्प होतो. ती शांतता भरून काढू नका. नंतर कायदा सांगा : नकार दिल्यावरही पाठलाग करणं, सतत मेसेज करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे, त्याआधी तो भारतीय दंड विधानात होता.

देवांच्या मालिका आपण निर्धास्त लावतो. त्यांतही नाक कापणं आहे, शिरच्छेद आहे, भरसभेतलं वस्त्रहरण आहे. ‘सगळे मोठे गप्प का बसले?’ असं एखादं मूल विचारतं. ‘असं देवाबद्दल विचारू नये’ म्हणून त्याचं तोंड बंद करू नका, कारण द्रौपदीनेही त्या सभेत प्रश्नच विचारला होता : जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावायचा हक्क होता का? तिला कुणी धड उत्तर दिलं नाही. हे मुलाला सांगा आणि विचारा, ‘तू त्या सभेत असतास तर काय केलं असतंस?’ पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे यावर बोललं गेलं आहे. तुमच्या घरातही बोलणं होऊ द्या.

‘जीव देईन’ हा संवाद. मालिकेत तो समोरच्याला नमवायला वापरतात आणि तो चालतोही. मुलाशी बोलताना दोन गोष्टी पाळा : कसं केलं याचे तपशील चघळू नका आणि ‘असले लोक भित्रे’ असंही म्हणू नका. म्हणा, ‘माणसाला कधी कधी इतकं वाईट वाटतं की दुसरा रस्ता दिसत नाही. तेव्हा कुणाला तरी सांगितलं, मदत मिळाली, तर ती वेळ निघून जाते. तुला असं वाटलं तर मला सांगशील? मी रागावणार नाही.’ विचारल्याने ते मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. विचारल्यामुळे दार उघडं राहतं.

आणि चुंबन? ‘ती दोघं मोठी आहेत, दोघांनाही हवं आहे, आणि ती त्यांची खासगी गोष्ट आहे, म्हणून आपण पुढे सरकवतो.’ इतकंच.

सहावी पायरी : पाटी लिहायचा खेळ

पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की खाली तंबाखूविरोधी इशारा येतो. तो मुलांना तोंडपाठ असतो. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही तो बंधनकारक झाला. मग मुलालाच विचारा : सिगारेटला पाटी येते, थोबाडीत मारल्यावर का येत नाही? कुठे कुठे यायला हवी? कागद द्या आणि पाट्या लिहायला सांगा. माझ्या वर्गात हा खेळ फार रंगतो. ‘ही मुलगी नको म्हणाली आहे, हे नीट ऐका.’ ‘रंगावरून हसणाऱ्याने आरशात बघावं.’ ‘दारू प्यायल्याने नोकरी परत मिळत नाही.’ अशा पाट्या नऊ-दहा वर्षांची मुलं लिहितात. घरी सिनेमा बघताना कुणीही ‘पाटी!’ म्हणून ओरडायचं आणि काय लिहायचं ते सांगायचं. आजोबाही लवकरच यात ओढले जातात. तासभर समजावून जे होत नाही ते यात होतं, कारण चूक हेरण्याचं काम आता मुलाचं असतं.

सातवी पायरी : रात्रीची भीती

लहान मुलं दिसण्याला घाबरतात : विद्रूप चेहरा, अंधार, मोठा आवाज. ‘ते खोटं आहे’ हे पाच वर्षांच्या मुलाला सांगून पटत नाही. त्याला जवळ घ्या, दिवा लावा, कपाट उघडून दाखवा. त्या रात्री त्याला जवळ झोपू द्या. आठ-नऊ वर्षांनंतर जे खरंच घडू शकतं त्याची भीती सुरू होते : अपहरण, आग, आईवडिलांचा मृत्यू. इथे मिठी पुरत नाही, माहिती लागते. चुकामूक झाली तर आपण स्टेशनवर कुठे भेटायचं, कुणाचा नंबर पाठ आहे, वॉचमनकाकांना काय सांगायचं. बातम्यांत एकच दृश्य दिवसभर फिरतं, तेव्हा लहान मुलाला ते पुन्हा पुन्हा घडतंय असं वाटतं. टीव्ही बंद करा आणि ‘हे एकदाच झालं, आणि इथून लांब झालं’ असं स्पष्ट सांगा. लांब नसेल, तर मात्र खोटं बोलू नका. ‘तिथे मदत करणारी माणसं पोचली आहेत’ असं म्हणा.

दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, मूल शाळेत जायला नको म्हणत असेल, अंथरूण ओलं होऊ लागलं असेल, तर समुपदेशकांची मदत घ्या. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

आठवी पायरी : बाहेर पाहून आलेलं

मुलाने मित्राच्या मोबाइलवर नको ते पाहिलं आणि तुम्हाला कळलं, तर पहिलं वाक्य महत्त्वाचं. ‘कुणी दाखवलं? थांब, त्याच्या आईला फोन करते’ असं म्हटलं की मूल पुन्हा कधी सांगणार नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही’ इथून सुरुवात करा. काय पाहिलं ते त्याच्या शब्दांत ऐका. ‘ते मोठ्यांसाठी नाटकासारखं बनवलेलं असतं, खरी माणसं एकमेकांशी असं वागत नाहीत’ हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. कुणी मोठ्या माणसाने मुद्दाम दाखवलं असेल, फोटो मागितले असतील किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हटलं असेल, तर मात्र तो विषय करमणुकीचा राहत नाही. तो पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरोधातल्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

नववी पायरी : सोसायटीचं स्टेज

गणपतीत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात सहा वर्षांच्या मुली ज्या गाण्यांवर कंबर हलवतात, त्यांचे शब्द कागदावर लिहून वाचा. समितीच्या बैठकीत मी हेच सुचवते : गाणं ठरवणाऱ्या आईने शब्द मोठ्याने वाचून दाखवायचे. वाद घालावा लागत नाही, पुष्कळ गाणी तिथेच बाद होतात. मग पर्याय हातात ठेवा : कोळीगीतं आहेत, भोंडल्याची गाणी आहेत, पोवाडे आहेत. मुलांना नाच हवा असतो, त्या ओळी नको असतात.

दहावी पायरी : तक्रार मुलाला लिहू द्या

ओटीटीवर चुकीची वयोमर्यादा दिसली, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिता येतं. २०२१ च्या नियमांनुसार त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. टीव्हीच्या मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून बीसीसीसी ही तक्रार परिषद आहे. मसुदा मुलाकडून करून घ्या : कार्यक्रमाचं नाव, भाग, तारीख, वेळ, नेमकं काय दाखवलं आणि ते का खटकलं. ‘वाईट आहे’ एवढं पुरत नाही, दृश्य शब्दांत उतरवावं लागतं. आठवी-नववीच्या मुलांना मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतंच. खाली पालक म्हणून तुमचं नाव घाला, पाठवा, आणि उत्तर आलं की ते त्याला वाचायला द्या.